ग्रंथऋण आणि त्याची खतावणी

(बी. कॉम. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा अभ्यासलेख)

उधारीवर माल आणणारे व्यापारी दोन प्रकारचे असतात. एक, देणेकऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख वहीत टिपून ठेवणारा; आणि दुसरा, 'माझ्या लक्षात आहे' असे म्हणणारा. पहिल्याची पत बाजारात वाढत जाते. दुसऱ्याची पत केव्हा बुडाली हे त्याचे त्यालाही कळत नाही. ज्ञानाच्या पेठेतही हाच न्याय चालतो. शोधनिबंध लिहिणारा प्रत्येक जण कुणाकडून तरी आकडा, विचार किंवा शब्द उसना आणतो. त्यात कमीपणा काहीच नाही. उसने आणल्याची नोंद न ठेवणे हा मात्र कमीपणा आहे.

कन्नड प्रबंध उघडले तर अखेरीस पुष्कळदा 'ग्रंथऋण' असे शीर्षक दिसते. मराठीत आपण त्याच भागाला 'संदर्भग्रंथसूची' म्हणतो. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माझ्यासारखीला या दोन शब्दांतील फरक लगेच जाणवतो. सूची म्हणजे नुसती यादी. ऋण म्हटले की ते मान्य करणे आले आणि फेडणेही आले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा दुसरा शब्द अधिक जवळचा वाटला, तर नवल नाही.

यंदा आमच्या वर्गातील काही जणांनी सहकारी पतपुरवठ्यावर एक निबंध लिहून तो संशोधन नियतकालिकाकडे पाठवण्याची तयारी केली. मजकुरापेक्षा संदर्भ नियमाप्रमाणे लावण्यातच आमचे अधिक दिवस गेले. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना हा विषय शाळेत कुणी शिकवत नाही, आणि कॉलेजात तो सर्वांना येतोच असे धरले जाते. म्हणून आम्हाला जे उमगले, ते मागून येणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींसाठी क्रमवार मांडत आहे.

संदर्भ कशासाठी?

ज्याचे श्रेय त्याला द्यावे, हे पहिले कारण. वाचकाला मूळ जागी जाऊन पडताळा घेता यावा, हे दुसरे. आणि पुढच्या अभ्यासकाला वाट सापडावी, हे तिसरे.

दुसऱ्या कारणाचे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकी सहकारी पतसंस्था स्थापन झाली. ती भारतातील पहिली, असे काही ठिकाणी लिहिलेले असते. काही ठिकाणी ती थेट आशियातील पहिली असते. तिकडे तमिळनाडूतील तिरूर येथील संस्थेचे नावही १९०४ सालासह पुढे केले जाते. असा वाद आवाज चढवून मिटत नाही. 'पहिली' म्हणजे काय धरले, नोंदणी की स्थापना, प्रांतात की देशात, आणि ते कोणत्या कागदावरून, हे ज्याने पृष्ठांकासह लिहिले त्याचे म्हणणे टिकते. आपल्या मुलखाचा मान एखाद्या तळटिपेवर अवलंबून असू शकतो, तो असा. आणि हा कागद शोधू जाणाऱ्याने एवढेही लक्षात ठेवावे की कणगिनहाळ आज गदग जिल्ह्यात असले, तरी गदग हा वेगळा जिल्हा १९९७ साली झाला. त्या आधीच्या कागदपत्रांत हे गाव धारवाड जिल्ह्याखाली शोधावे लागते.

पद्धती तीन

जगातील नियतकालिकांचे नियम शेकड्यांनी असले, तरी मुळात पद्धती तीनच आहेत.

पहिली तळटिपांची. मजकुरात लहान आकडा, आणि त्याच पानाच्या तळाशी संदर्भ. इतिहास, कायदा आणि वाङ्मय या विषयांत ती अधिक चालते. तिचे भव्य रूप पाहायचे असेल, तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास चाळावा. १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. त्याची पाने सहा हजारांहून अधिक आहेत आणि कित्येक पानांवर मजकुरापेक्षा टीपच मोठी आहे. हा ग्रंथ इंग्रजीत लिहिणारा विद्वान कोकणातला मराठी माणूस होता, हे आपण विसरू नये. संदर्भ देण्याची शिस्त ही काही परकी वस्तू नव्हे.

दुसरी लेखक-वर्ष पद्धत. मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष द्यायचे, आणि पूर्ण तपशील शेवटच्या यादीत. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीवरील आपल्या निबंधात ती वापरली, म्हणून तिला पुष्कळ ठिकाणी हार्वर्ड पद्धत म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत याच कुळातली. १९२९ साली ती सात पानांच्या लेखातून सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती निघाली. वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांत हीच पद्धत अधिक मागितली जाते.

तिसरी क्रमांकांची. मजकुरात आकडा आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र बसून तिला रूप दिले, म्हणून तिला व्हँकूव्हर हे नाव पडले.

यातील कोणती चांगली, हा प्रश्न आपण विचारायचा नाही. जे नियतकालिक निवडले, त्याच्या 'लेखकांसाठी सूचना' वाचायच्या आणि त्याच अंकात छापलेला एखादा लेख शेजारी ठेवून स्वल्पविरामासकट तसे लिहायचे. गिऱ्हाईक ज्या मापाने मागतो, त्याच मापाने माल मोजून द्यावा.

द्विनोंदी पद्धत

लेखक-वर्ष पद्धत वाणिज्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागू नये, कारण ती आपलीच द्विनोंदी पद्धत आहे. मजकुरातील कंस ही रोजकीर्द. शेवटची यादी ही खतावणी. रोजकीर्दीत जे नाव आले, त्याचे खाते खतावणीत असलेच पाहिजे. आणि खतावणीत जे खाते आहे, त्याची एक तरी नोंद रोजकीर्दीत सापडलीच पाहिजे. वाचले पण मजकुरात कुठेच वापरले नाही, असे पुस्तक केवळ यादी लांब दिसावी म्हणून घालणे म्हणजे बनावट व्हाउचर जोडणे होय. दोन्ही बाजूंची नावे, त्यांचे लेखन आणि साल तंतोतंत जुळले, म्हणजे तेरीज जुळली.

एका खात्यात चार प्रश्नांची उत्तरे क्रमाने यावी लागतात : कोणी, केव्हा, काय आणि कुठे. नियतकालिकातील लेखाचे उदाहरण घेऊ. गारफील्ड, ई. (१९५५). सायटेशन इंडेक्सेस फॉर सायन्स. सायन्स, १२२(३१५९), १०८–१११. येथे गारफील्ड हे 'कोणी', १९५५ हे 'केव्हा', मधले शीर्षक हे 'काय', आणि उरलेले सारे 'कुठे'. १२२ हा खंड, कंसातला अंक आणि शेवटी पृष्ठे. एपीए पद्धतीत नियतकालिकाचे नाव व खंड तिरप्या अक्षरांत येतात. लेखाचे शीर्षक, अंक आणि पृष्ठे सरळ अक्षरांत. (कोण कोणाचा संदर्भ देतो याचीच सूची करावी, ही कल्पना मांडणारा लेख तो हाच. तीतूनच पुढे १९६४ मध्ये विज्ञानाची पहिली मोठी संदर्भसूची बाजारात आली.)

पुस्तकाच्या नोंदीत खंड, अंक यांच्या जागी प्रकाशक येतो. जुन्या रिवाजात प्रकाशनस्थळही द्यावे लागे. एपीएच्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले. आवृत्ती मात्र कधीही गाळू नये. काण्यांच्या पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती १९६८ पासून निघाली. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा आणि १८५७ चा असा दोन आवृत्त्यांत आहे. आवृत्ती न सांगता दिलेला पृष्ठांक म्हणजे गल्लीचे नाव न सांगता दिलेला घर नंबर.

एका ग्रंथात अनेकांचे लेखन असेल, तर खाते त्या त्या लेखकाच्या नावे उघडावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पहिला खंड, दुसरा भाग १८९६ मध्ये निघाला. त्यात रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आहे आणि जे. एफ. फ्लीट यांचा कानडी जिल्ह्यांतील राजघराण्यांचा इतिहासही आहे. 'गॅझेटिअर, १८९६' एवढेच लिहिले, तर ऋण भांडारकरांचे की फ्लीटचे, हे वाचकाने कसे ओळखावे?

सरकारी अहवालांची तीन तीन नावे

आमची खरी कसोटी लागली ती अहवालांपाशी. ग्रामीण पतपुरवठ्यावर लिहिणारा प्रत्येक जण एक आकडा देतो : शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के. हा आकडा अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा. पण एका पुस्तकात तो 'गोरवाला समिती'च्या नावे, दुसऱ्यात 'रिझर्व्ह बँके'च्या नावे, तिसऱ्यात पाहणीच्या नावे दिसतो. कुणी १९५१ लिहितो, कुणी १९५४. वाचकाला वाटावे की हे तीन वेगळे अहवाल आहेत!

वस्तुस्थिती अशी : पाहणी १९५१-५२ ची, ती चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला; त्याच समितीवर धनंजयराव गाडगीळ हेही होते; आणि समितीचा सर्वसाधारण अहवाल रिझर्व्ह बँकेने १९५४ साली प्रसिद्ध केला. तेव्हा संदर्भात प्रकाशनाचे १९५४ हे वर्ष द्यावे, आणि आकडा १९५१-५२ चा आहे हे वाक्यातच सांगावे. कोणत्या नावे खाते उघडायचे ते एकदा ठरवले, की निबंधभर तेच ठेवावे. बोलण्यात रूढ असलेले नाव मजकुरात एकदा सांगितले म्हणजे पुरे.

दुसरे उदाहरण आपल्या राज्याचे. प्रादेशिक असमतोलावरील उच्चाधिकार समितीचा अहवाल २००२ चा. तिचे अध्यक्ष डॉ. डी. एम. नंजुंडप्पा हे एकेकाळी आपल्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू होते. १७५ तालुक्यांपैकी ११४ तालुके मागास, असे समितीने ठरवले : ३९ अतिमागास, ४० अधिक मागास आणि ३५ मागास. आज राज्यातील तालुक्यांची संख्या कितीतरी वाढली आहे. म्हणून '११४ मागास तालुके' असे साल आणि एकूण संख्या न देता लिहिणारा खोटे बोलत नसतो, पण खरेही सांगत नसतो.

संस्थांची नावेही बदलतात. धारवाडला मुख्यालय असलेली मलप्रभा ग्रामीण बँक २००५ मध्ये इतर बँकांसह कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत मिळाली. आणि २०२५ मध्ये तीही राज्यातील दुसऱ्या ग्रामीण बँकेशी एक झाली. नियम सोपा आहे : अहवालावर जे नाव छापले आहे तेच द्यावे. जुन्या मलप्रभा बँकेच्या अहवालावर आजचे नाव घालणे म्हणजे आजोबांच्या सहीखाली नातवाचे नाव लिहिणे. गावांचेही तसेच. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून हुबळीचे हुबळ्ळी झाले, पण १९८० च्या पुस्तकावर हुबळी असेल तर हुबळीच राहू द्यावी. १९७३ पूर्वीच्या राज्य सरकारच्या अहवालावर 'म्हैसूर सरकार' असेल, तर तेच. आणि आपल्या विद्यापीठाचे नाव इंग्रजीत लिहिताना 'कर्नाटक'च्या शेवटी 'ए' हे अक्षर नाही, हे आपणच पाळले नाही तर कोण पाळणार?

आपली नावे, आपली वर्षे, आपली लिपी

इंग्रजी नियमपुस्तके गृहीत धरतात की प्रत्येकाला एक आडनाव असते आणि ते शेवटी येते. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या चौकटीत बसते : काणे, पां. वा. उत्तर कर्नाटकातही बहुधा बसते : कलबुर्गी, एम. एम. पण दक्षिणेकडे आद्याक्षरे पुढे आणि व्यक्तिनाम मागे अशी रीत. 'नंजुंडप्पा' हे आडनाव नव्हे, तरी खाते त्याच शब्दावर उघडावे लागते. मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या नावातील 'मास्ती' हे तर गाव. टोपणनावाबाबत मुखपृष्ठ प्रमाण मानावे. धारवाडचे द. रा. बेंद्रे 'अंबिकातनयदत्त' म्हणून छापलेले असतील, तर तसेच द्यावे आणि चौकोनी कंसात खरे नाव घालावे.

जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या महिन्यांसाठी ७९. महिना ठाऊक नसेल, तर शके १८२० म्हणजे १८९८-९९ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे.

मराठी किंवा कन्नड ग्रंथाचा संदर्भ इंग्रजी निबंधात देताना शीर्षकाचे नुसते भाषांतर कधी देऊ नये. त्या भाषांतराच्या नावाने ग्रंथालयात काहीच सापडत नाही. मूळ शीर्षक उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत लिहावे आणि पुढे चौकोनी कंसात त्याचा अर्थ द्यावा. येथे एक सूचना दोन्ही भाषा जाणणाऱ्यांसाठी. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' निराळे आहेत, तसेच 'ओ'ही. मराठीत तो भेद नाही. तेव्हा कन्नड शीर्षक देवनागरीत उतरवून मग त्यावरून रोमनमध्ये नेऊ नये. वाटेत स्वर सांडतो. थेट कन्नड लिपीवरून न्यावे. 'ळ' दोन्ही भाषांत आहे. त्यासाठी रोमन अक्षराखाली टिंब द्यायचे की नाही, ते एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

हे इतके बारीक का पाहायचे? कारण आपल्या भागातील सहकार, बाजारपेठा, हातमाग आणि देवस्थानांचे हिशेब यांवरचे पुष्कळ लेखन मराठीत आणि कन्नडमध्ये आहे. इंग्रजी निबंधात आपण त्याचा नीट संदर्भ दिला नाही, तर बाहेरच्या वाचकाच्या लेखी ते लिहिलेच गेले नाही असे होते. दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यावर हे जास्तीचे ऋण आहे.

न पाहिलेल्या मालाची पावती

वर सांगितलेला ३.१ टक्क्यांचा आकडा मी पाठ्यपुस्तकात वाचला आणि मूळ अहवाल पाहिला नाही, तर मी पाठ्यपुस्तकाचाच संदर्भ दिला पाहिजे : अमुक लेखकाने उद्धृत केल्याप्रमाणे. मूळ अहवाल स्वतः पाहिल्याचा आव आणू नये. मधल्या माणसाने आकडा उतरवताना गफलत केली असेल, तर तिची जबाबदारी आपल्या अंगावर येते. हुंडीवर सही करताना आधी ती वाचावी, तसेच हे.

तळटिपा वापरणाऱ्यांनी 'तत्रैव' या शब्दापासून सावध असावे. त्याचा अर्थ 'वरच्या टिपेतल्याच ठिकाणी'. नंतर मध्येच नवी टीप घातली, की 'तत्रैव' बिचारा भलत्याच लेखकाच्या दारात उभा राहतो. त्यापेक्षा आडनाव आणि लघुशीर्षक पुन्हा लिहावे.

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्ह आणि पृष्ठांक दोन्ही हवेत. शब्द आपले आणि विचार त्याचा असेल, तरीही संदर्भ हवाच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असलेला प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी. आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे संदर्भ देणाऱ्याला नियमही सांभाळून घेतो.

यंत्र आणि माणूस

झोटेरोसारखी विनामूल्य संगणकप्रणाली आता उपलब्ध आहे. एकदा तपशील भरला, की हव्या त्या पद्धतीत यादी तयार होते. पण आडनावाच्या रकान्यात काय भरायचे हे यंत्राला कळत नाही. ते आपणच सांगावे लागते. २००० सालापासून लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळू लागला आहे. संकेतस्थळ हलले तरी तो क्रमांक लेखापर्यंत नेतो, म्हणून जेथे असेल तेथे द्यावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारले, की ते क्षणात दहा संदर्भ लिहून देते. लेखक ओळखीचे, नियतकालिक खरे, खंड-अंक व्यवस्थित. आणि असा लेखच अस्तित्वात नाही, असे घडते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! म्हणून जो लेख आपण स्वतः उघडून पाहिला नाही, त्याला आपल्या खतावणीत जागा नाही.

शेवटची तेरीज

निबंध पाठवण्यापूर्वी आम्ही दोघींनी मिळून एक काम केले, ते सर्वांना सुचवते. एकीने मजकूर मोठ्याने वाचावा, आणि कंस आला की थांबावे. दुसरीने यादीत त्या नावापुढे पेन्सिलीने खूण करावी. वाचून संपल्यावर ज्या नावापुढे खूण नाही ते यादीतून काढावे, आणि जे नाव यादीत सापडले नाही ते घालावे. मग वर्णक्रम पाहावा, आणि एकाच लेखकाचे एकाच वर्षातील दोन लेख असतील तर वर्षापुढे अ, ब अशी खूण करावी. बँक जुळवणी पत्रक तयार करणाऱ्याला हे काम जड वाटू नये. आम्हाला त्याला एक संध्याकाळ पुरली.

संदर्भ देणे म्हणजे संपादकाची हौस पुरवणे नव्हे. कणगिनहाळच्या त्या शेतकऱ्यांनी १९०५ साली जी संस्था उभारली, तिचा पाया एकाच गोष्टीवर होता : कोणी किती घेतले हे सर्वांसमोर वहीत लिहिलेले असावे आणि कुणालाही ती वही उघडून पाहता यावी. विद्येच्या व्यवहारातही तेवढेच अपेक्षित आहे. कनिष्ठ वर्गातील मित्रमैत्रिणींनी पहिला निबंध लिहायला घेतला, की पहिल्या दिवसापासूनच वही घालावी. प्रत्येक आकड्यापुढे ग्रंथ, साल आणि पृष्ठ लगेच टिपून ठेवले, म्हणजे अखेरीस ऋणाची यादी करताना कुणापुढेही मान खाली घालावी लागणार नाही.